पहिला गाऊन

शिवणबाई: हसू की रडू, तेवढं एकदा ठरवून सांगा, मॅडम. सकाळपासून तो कॅमेरेवाला मला हसायला सांगतोय आणि तुमच्या ऑफिसातली ती मुलगी म्हणते, जरा डोळ्यांत पाणी आणा. एका तोंडानं दोन्ही कसं करायचं?

मॅडम: तिला मी समजावलंय, ताई. ती नवीन आहे. तुम्हाला जसं बोलावंसं वाटेल तसंच बोला.

शिवणबाई: मला बोलावंसंच वाटत नाही, तिथंच तर सगळं अडलंय. आणि मशीनवर बसून बोललं की टाका वाकडा जातो. बसा ना तुम्ही. उभ्याच का? त्या गठ्ठ्यावर बसा, धुतलेल्या चादरी आहेत.

मॅडम: बसायला वेळ कुठे आहे! दुपारी अध्यक्ष येणार. बाहेरच्या रुग्णालयांची माणसं येणार. तुमचे गाऊन आज आपल्या हॉस्पिटलच्या कंपनीतर्फे त्यांना मोफत द्यायचेत, त्यांची खोकी अजून बांधून व्हायचीत. खाली लॉबीत काचेची पेटी लावलीय, तिचा दिवा लागत नाहीये. आणि पाटी.

शिवणबाई: पाटी झाली?

मॅडम: झाली. वाचून दाखवू?

शिवणबाई: दाखवा. एक मिनिट, एवढी खडूची रेघ मारून घेते... कुठं गेला मेला खडू? हा काय, हातातच आहे. वाचा.

मॅडम: ‘आमची सामाजिक बांधिलकी, आमच्या कर्मचाऱ्यांची कल्पकता. शिवणकक्षातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सन्मानासाठी साकारलेला पहिला गाऊन.’ आणि खाली तुमचं पूर्ण नाव.

शिवणबाई: झालं?

मॅडम: झालं. पाटी छोटीच आहे.

शिवणबाई: छोटी असली तरी आणखी एक नाव मावलं असतं.

मॅडम: ताई, मी वर दोनदा विचारून आले. खरंच. ही योजना कर्मचाऱ्यांच्या कल्पनांसाठी आहे. पेशंटला त्यात बसवता येत नाही. आणि पेशंटचं नाव असं चारचौघांत लावताही येत नाही. नियम आहे, आणि तो काही चुकीचा नाही.

शिवणबाई: चुकीचा कसा असेल! मी कुठं भांडतेय? भांडायचं असतं तर पिशवीतून गाऊन काढून तुमच्या हातात दिलाच नसता.

मॅडम: मला एकदा नीट सांगाल का? कॅमेऱ्यासाठी नाही. मी फाइलमध्ये वाचलं, पण फाइलमध्ये सगळं ‘रुग्णकेंद्रित’ असतं.

शिवणबाई: काय सांगायचं? माझी मुलगी. भिंगरी म्हणायचो आम्ही. एका जागी बसायची नाही म्हणून. तिलाच नेमकं पलंगाला खिळवलं. छातीत नळी, हातात नळी. औषध द्यायचं, नळीची जागा पुसायची, की तो मागून नाड्यांचा गाऊन खांद्यावरून खाली कमरेपर्यंत ओढायचा. दिवसातून किती वेळा! डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, फरशी पुसणारा, शेजारच्या पलंगाला भेटायला आलेले पाहुणे, सगळ्यांच्या देखत. कॉलेजात जाणारी मुलगी हो. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. एकदा म्हणाली, ‘आई, एक वेळ दुखणं परवडलं, पण हे उघडं पडणं नको.’

मॅडम: आणि गाऊन तुम्हीच शिवलेला.

शिवणबाई: मीच. इथंच, याच मशीनवर. कंपनीनं दिलेल्या कागदी नमुन्यावर. त्या नमुन्याला माहीत नव्हतं ना आत कोण पडणार ते.

मॅडम: मग?

शिवणबाई: मग तिनं सिस्टरच्या खिशातलं पेन मागून घेतलं. मला आरसा धरायला लावला. आणि अंगात गाऊन असतानाच खांद्यावरून काखेपर्यंत फुल्या मारत गेली. इथं बटण, इथं बटण, इथं नाडी. ‘इथून उघडलं की नळी दिसेल, आणि नळीच दिसेल,’ म्हणाली. हात कापत होता, रेघ वाकडी गेली. तर म्हणते, ‘मी वाकडी काढते, तू सरळ काप. तेवढं येतं ना तुला?’ जीभ पुरती माझ्यावर गेलेली. मी म्हटलं, अगं, दवाखान्याचा माल आहे, वर विचारावं लागेल. तर म्हणे, ‘आधी काप, मग विचार.’

मॅडम: आणि कापलात.

शिवणबाई: त्याच दुपारी. कच्चे टाके घातले आणि तिला चढवला. सिस्टर आली, दोन बटणं काढली, काम केलं, बटणं लावली, गेली. शेजारच्या पलंगावरचे पाहुणे बघतच राहिले. बघायला काही नव्हतंच ना! आणि आमच्या बाईसाहेब माझ्याकडं बघून डोळा मारतात. मरायला टेकलेली पोर, मॅडम, आणि डोळा मारतेय.

मॅडम: ...हे पाटीवर यायला हवं होतं.

शिवणबाई: डोळा कसा लिहिणार पाटीवर? ऐका पुढचं. त्यानंतर तिनं दुसरा गाऊन अंगाला लावू दिला नाही. खाली धुवायला दिला असता तर मशीननं माझे टाके उसवले असते. म्हणून मी वॉर्डातल्या बेसिनमध्येच साध्या साबणानं धुवायची आणि खिडकीत वाळत घालायची. बॉलपेन काही साध्या साबणाला दाद देत नाही. फुल्या तशाच राहिल्या. ती गेली, फुल्या राहिल्या.

मॅडम: आणि गाऊन तुम्ही घरी नेलात.

शिवणबाई: फाटका म्हणून बाद दाखवला आणि पिशवीत घातला. चोरीच ती. तुम्ही चोरीची पाटी लावा, तिच्यावर माझं एकटीचं नाव शोभून दिसेल.

मॅडम: ताई, काहीही काय!

शिवणबाई: हसलात, बरं वाटलं. म्हणून म्हणते, पाटीवर तुमचं काय ते लिहा. माझं नाव लिहा, अध्यक्षांचं लिहा, माझी ना नाही. पण काचेत त्या फुल्या दिसू द्या. येणारा-जाणारा एखादा तरी थांबेल. म्हणेल, हे वाकडंतिकडं कोणी केलंय? एवढं म्हटलं की झालं. तिचा हात तिथं आहे, हे मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. बास. एवढ्या एकाच बोलीवर दिलाय मी तो.

मॅडम: दिसतील. काचवाल्याला मी स्वतः सांगितलंय, उजवा खांदा पुढे, दिवा खांद्यावर. काही काळजी करू नका. फक्त तो पिशवीत फार चुरगळला होता, म्हणून काल जाताना शिपायाकडे इस्त्रीला दिला.

शिवणबाई: कुठं?

मॅडम: खाली. लाँड्रीत.

शिवणबाई: लाँड्रीत.

मॅडम: फक्त इस्त्रीला. मी बजावून सांगितलं त्याला, फक्त इस्त्री. ताई? मशीन का थांबवलंत?

शिवणबाई: मॅडम, या दवाखान्यात धुतल्याशिवाय कापडाला इस्त्री लागत नाही. वॉर्डातला गाऊन म्हटलं की आधी धुणं. जंतूंचा नियम आहे. तोही चुकीचा नाही.

मॅडम: पण तुम्हीच म्हणालात ना, साबणाने जात नाहीत.

शिवणबाई: माझ्या साबणानं जात नाहीत. खाली माझा नवरा असतो.

मॅडम: तुमचे मिस्टर लाँड्रीत आहेत?

शिवणबाई: आमचं लग्न व्हायच्या आधीपासून. सगळे त्यांना डागांचे डॉक्टर म्हणतात. रक्त म्हणा, आयोडीन म्हणा, पेन म्हणा. डाग ठेवून कापड पुढं गेलं तर या माणसाला दोन घास गोड लागत नाहीत.

मॅडम: पण त्यांना माहीत असेलच की! स्वतःच्या मुलीच्या खुणा...

शिवणबाई: कुठून माहीत असणार? पोर वर पडून होती आणि हा माणूस तळघरातून एक जिना चढला नाही. रागावून झालं, हातापाया पडून झालं. सिस्टर खाली जाऊन बोलावून आल्या. ‘येतो’ म्हणायचे आणि चादरी पिळत बसायचे. आणि आता घरी तिचं नाव काढलं की ताटावरून उठतात. खुणांचं सांगू कोणाला, भिंतीला?

मॅडम: मी फोन करते खाली. कदाचित अजून घेतला नसेल हातात.

शिवणबाई: करा... नाही, राहू द्या. आले ते. त्यांच्या चपला ओळखते मी.

(लाँड्रीवाला दारात उभा राहतो. दोन्ही हात पुढे, त्यांवर गाऊनची घडी.)

लाँड्रीवाला: येऊ का? मॅडम इथंच आहेत होय. बरं झालं. शिपाई न्यायला आला होता, मी म्हटलं, हा तुझ्या हातात द्यायचा नाही. हा मी पोचवणार.

मॅडम: काका, हा... झाला का?

लाँड्रीवाला: बघा की. मशीनला घातला नाही याला. हातावर धुतला. काय गत होती हो याची! खांद्यावर सगळं पेन. किती वेळा सांगितलं सिस्टर लोकांना, कापडावर पेन चालवू नका, पण ऐकतंय कोण! मी म्हटलं, काचेत ठेवणार, मोठी माणसं बघणार, आणि खांद्यावर हे गिचमीड? छे.

मॅडम: साबणाने गेलं?

लाँड्रीवाला: साबणाचं काम नाही ते. स्पिरिट. खाली टॉवेल घालायचा, वरून कापसाचा बोळा. दाबायचं, उचलायचं. घासायचं नाही, घासलं की पसरतं. दाबायचं, उचलायचं. एक फुली झाली की दुसरी. सकाळी लवकर आलो त्यासाठी. बाकीची पोरं म्हणाली, काका, आज काय नक्षीकाम काढलंय का? एके ठिकाणी मात्र जरा...

मॅडम: काका, त्या खुणा म्हणजे...

शिवणबाई: मॅडम, तुमचा फोन वाजतोय.

मॅडम: माझा? नाही, माझा फोन तर...

शिवणबाई: वाजतोय. बाहेर जाऊन घ्या. इथं आत रेंज नसते.

मॅडम: ...हो. घेते. काका, खूप... खूप स्वच्छ झालाय.

लाँड्रीवाला: काय झालं गं त्यांना? रडवेल्या दिसल्या.

शिवणबाई: कार्यक्रमाची धावपळ. झोप नसेल झाली.

लाँड्रीवाला: तू हात तरी लाव. कसा झालाय बघ.

शिवणबाई: ठेवा टेबलावर.

लाँड्रीवाला: टेबलावर? तुझ्या खडूच्या भुकटीत? सकाळ पाण्यात जाईल माझी. हातात घे.

शिवणबाई: द्या.

लाँड्रीवाला: आवडला नाही?

शिवणबाई: छान झालाय.

लाँड्रीवाला: तू छान म्हणत नाहीस कधी. एवढ्या संसारात ‘बरंय’च्या पुढं गेली नाहीस.

शिवणबाई: मग आज गेले.

लाँड्रीवाला: मला ठाऊक होतं हा कोणाचा आहे. शिपाई म्हणाला, काचेसाठीचा, पहिला. म्हटलं, म्हणजे आपल्या भिंगरीचा.

शिवणबाई: नाव घेतलंत.

लाँड्रीवाला: घेतलं. सकाळपासून घेतोय. खाली मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

शिवणबाई: अहो...

लाँड्रीवाला: थांब, बोलू दे. परत जमायचं नाही. तू मला दगड म्हणालीस ना तेव्हा? असेन दगड. पण वरून रोज गाठोडी यायची. तिच्या वॉर्डाचं गाठोडं मी कोणाला सोडू द्यायचो नाही. चादर उलगडली की मला कळायचं. आज उलटी झाली. आज रक्त आलं. आज रात्रभर घाम. तू घरी येऊन ‘बरी आहे’ म्हणायचीस, आणि मी ‘बरं’ म्हणायचो. मला आधीच कळलेलं असायचं. मग जिन्यापर्यंत जायचो. कठड्याला हात लावायचो. आणि पुढं पायच उचलायचा नाही गं.

शिवणबाई: हे कधी बोलला नाहीत.

लाँड्रीवाला: काय बोलायचं? बाप वर येत नाही, यात बोलण्यासारखं काय आहे? सगळं धुतलं मी तिचं. चादरी, खोळी, टॉवेल. तिचं वेगळं, माझ्या हातानं. हा गाऊन तेवढा कधी खाली आला नाही. वाट बघायचो. वाटायचं, पोरीच्या अंगातलं एक कापड तरी माझ्या हातून जावं. तू वरच धुवायचीस म्हणे.

शिवणबाई: टाके कच्चे होते.

लाँड्रीवाला: मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं.

शिवणबाई: थोडा रागही होता. खोटं कशाला बोलू.

लाँड्रीवाला: असू दे. आज आला ना हातात. तुला तिच्या शाळेचा गणवेश आठवतो? मी असा कडक इस्त्री करून द्यायचो, आणि ही एवढीशी कार्टी तो उजेडात धरायची. उलटा, सुलटा. वकिलासारखी. आणि मग बोट ठेवायची, ‘बाबा, डाग राहिला.’

शिवणबाई: नसला तरी म्हणायची.

लाँड्रीवाला: नसला तरी?

शिवणबाई: अहो, गंमत करायची तुमची. तुम्ही तो काढून घेऊन पुन्हा बादलीत घालायचात, आणि ती दाराआड हसत उभी असायची. एकदा त्या पायी शाळेची घंटा चुकली.

लाँड्रीवाला: लबाड कुठची. आणि मी दिवा लावून शोधायचो. तर म्हटलं, आज असा धुवायचा की तिला बोट ठेवायला जागा राहू नये. काचेत दिसू दे म्हणावं सगळ्यांना. बापानं काही केलं नाही, पण हे केलं.

शिवणबाई: केलंत. चांगलं केलंत.

लाँड्रीवाला: मग तू अशी का बघतेस? पेनच होतं ना ते? कोणी मारलं होतं पण? सिस्टरनी, माप घ्यायला?

शिवणबाई: मी. माझ्याच खुणा. कापायच्या आधीच्या.

लाँड्रीवाला: हं.

शिवणबाई: हं काय?

लाँड्रीवाला: तू पेनानं खुणा कधीपासून करायला लागलीस?

शिवणबाई: खडू नव्हता जवळ. वर वॉर्डात कुठला आलाय खडू!

लाँड्रीवाला: तुझ्याजवळ खडू नव्हता? आपल्या लग्नाच्या फोटोत तुझ्या बोटांना खडू लागलेला आहे.

शिवणबाई: त्या दिवशी नव्हता. सोडा ना. चला, चहा घेऊ, मग मला कार्यक्रमाला जायचंय.

लाँड्रीवाला: आणि रेघ वाकडी होती. खांद्यावर धड, मग काखेकडं येता येता कापत गेलेली. तुझी रेघ वाकडी जात नाही. ताप असतानाही गेली नाही. मला वाटलं, कोणीतरी घाईत मारलीय.

शिवणबाई: अहो, किती खोलात जाल! संपलं ना आता?

लाँड्रीवाला: घाईत नव्हती मारलेली. फुल्या सगळ्या उलट्या बाजूला कललेल्या. आरशात बघून काढल्यासारख्या. अंगात असताना. सांग की.

शिवणबाई: काय सांगू?

लाँड्रीवाला: सांग.

शिवणबाई: आरसा मी धरला होता.

लाँड्रीवाला: म्हणजे... तिनं?

शिवणबाई: बसा. आधी बसा. इकडं, चादरींवर. अहो, बसा म्हणते ना!

लाँड्रीवाला: मी पुसल्या.

शिवणबाई: तुम्ही धुतलं.

लाँड्रीवाला: एकेक करून पुसल्या. तिच्या हातचं होतं ते. बोळा निळा व्हायचा, मी टाकायचो, दुसरा घ्यायचो. खूश होत होतो गं मी. एक फुली गेली की म्हणायचो, बघ भिंगरे. दुसरी गेली की, ही बघ.

शिवणबाई: पुरे हो.

लाँड्रीवाला: बोळे खाली डब्यातच असतील. कचरा दुपारी नेतात. मी पटकन...

शिवणबाई: बोळे आणून काय करणार आहात? बसा. कुठं जाऊ नका. पाणी घ्या.

लाँड्रीवाला: तू का सांगितलं नाहीस मला? आधी, घरी, कधीतरी.

शिवणबाई: कधी सांगायचं होतं? नाव काढलं की ताट सारून उठायचात.

लाँड्रीवाला: हो.

शिवणबाई: मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, यांना नकोय ना पोरगी, नको तर नको. माझी मी ठेवीन. कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात. एकदासुद्धा उघडून दाखवलं नाही तुम्हाला. दाखवलं असतं तर...

लाँड्रीवाला: दाखवलं असतंस तरी मी मान फिरवली असती. मला ठाऊक आहे मी कसा आहे.

मॅडम: ताई? येऊ का आत? अध्यक्षांची गाडी आलीय. काका... तुम्हाला कळलं.

शिवणबाई: कळलं.

मॅडम: माझीच चूक आहे. मी पाठवायलाच नको होता. चुरगळलेला तर चुरगळलेला.

शिवणबाई: तुमची कसली चूक? तुम्ही इस्त्रीला दिलात, शिपायानं पोचवला, यांनी धुतला. ज्यानं त्यानं आपलं काम चोख केलंय. म्हणून तर कोणावर ओरडताही येत नाही.

मॅडम: एक सुचवू? रागावू नका. खुणा कुठे होत्या ते तुम्हाला नीट आठवतं. आपण परत काढू. माझ्याकडे निळं पेन आहे. कोणाला...

शिवणबाई: कोणाच्या हातानं काढू? माझा हात सरळ आहे हो. तिच्यासारखी थरथर मला येणार कुठून? आणि आणली उसनी, तरी ते खोटंच. तुमच्या पाटीपेक्षा खोटं.

मॅडम: माफ करा. मग मी वर काय सांगू?

शिवणबाई: काही सांगू नका. ते कपाट उघडा. वरचा घ्या, नवा आहे. ठेवा काचेत. आता सगळे सारखेच, पहिला काय आणि शंभरावा काय.

मॅडम: पाटीवर ‘पहिला’ लिहिलंय, ताई.

शिवणबाई: लिहू दे. आज खोक्यांतून जे चाललेत ते कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पहिल्यांदाच चढतील. त्या पोरीबाळींना भिंतीकडं तोंड करून पडावं लागलं नाही म्हणजे झालं. ती तेच म्हणाली असती. मी मात्र म्हणत नाहीये, मॅडम. मला त्या फुल्या हव्या होत्या. जा तुम्ही, उशीर होईल.

मॅडम: तुम्ही याल ना? नाव पुकारतील.

शिवणबाई: येते. कॅमेरेवाल्याला सांगा, हसेन मी.

मॅडम: नका हसू, ताई. मी सांगते त्याला.

लाँड्रीवाला: गेल्या?

शिवणबाई: गेल्या. तुम्ही पाणी नाही प्यालात.

लाँड्रीवाला: मॅडमना एक सांगायचं होतं मला. आलो तेव्हा सांगतच होतो. माफी मागणार होतो खरं तर.

शिवणबाई: आता कसली माफी?

लाँड्रीवाला: एक गेली नाही.

शिवणबाई: काय गेली नाही?

लाँड्रीवाला: फुली. अगदी खालची, काखेतली. तू कड दुमडून वरून टाका घातलायस ना, तिच्या आत अर्धी सापडलीय. स्पिरिट पोचेना. टाका उसवला तर निघेल, पण म्हटलं, टाका तिच्या आईचा आहे, त्याला हात लावायचा नाही. फार वाईट वाटलं मला. एवढं सगळं करून एक राहिली.

शिवणबाई: कुठं? दाखवा.

लाँड्रीवाला: घडी मोड.

शिवणबाई: तुमची घडी...

लाँड्रीवाला: मोड गं. अशी उलटी कर. उजेडाकडं धर. अजून वर. शिवणीत बघ. दिसते?

शिवणबाई: थांबा, डोळे पुसू दे. ...दिसते. एवढीशी आहे. निळी.

लाँड्रीवाला: आत्ता ती इथं असती, तर काय म्हणाली असती?

शिवणबाई: ‘बाबा, डाग राहिला.’

लाँड्रीवाला: राहिला गं पोरी. राहिला.